हजार येतात, वीस विचारतात

तालुक्याच्या गावांतून आणि त्यांच्या आसपासच्या बाजारपेठांतून स्वतःचे संकेतस्थळ असावे, ही आकांक्षा आता चांगलीच मूळ धरू लागली आहे. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि ज्या गिऱ्हाइकाला पूर्वी एखाद्या वस्तूच्या चौकशीसाठी एस.टी.ने खामगाव नाही तर मलकापूर गाठावे लागे, ते घरच्या ओट्यावर बसून दहा दुकाने धुंडाळू लागले. तेव्हा पिंपळगाव राजासारख्या गावातील एखाद्या व्यावसायिकाने चार पैसे खर्चून संकेतस्थळ करवून घ्यावे, यात नवल काहीच नाही. नवल आहे ते पुढे घडते त्यात. महिनाअखेरीस संकेतस्थळ करून देणारा तरुण मोठ्या अभिमानाने आकडा दाखवितो : या महिन्यात हजार माणसे येऊन गेली. मालक क्षणभर सुखावतो. मग त्याच्या ध्यानात येते की, या हजारांपैकी विचारणा केली ती अवघ्या वीस जणांनी. उरलेले नऊशे ऐंशी कोण होते, कशासाठी आले आणि का परत गेले, हे त्या तरुणाला ठाऊक नसते आणि मालकालाही नसते.

या धंद्याच्या परिभाषेत, आलेल्यांपैकी ज्याने आपले नाव आणि फोन नंबर देऊन विचारणा केली त्याला 'लीड' म्हणतात. आणि येणाऱ्यांशी अशा विचारणाऱ्यांचे जे शेकडा प्रमाण पडते त्याला 'कन्व्हर्जन रेट'. हजारात वीस म्हणजे शेकडा दोन. शब्द परके असले तरी गोष्ट परकी नाही. दुकानाशी थांबलेल्यांपैकी किती जणांनी भाव विचारला आणि भाव विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी पिशवी पुढे केली, याचा हिशेब प्रत्येक दुकानदार मनातल्या मनात ठेवीतच आला आहे. फक्त तेव्हा तो हिशेब डोळ्यांनी होत असे. आठवडी बाजारात भाव ऐकून माणूस पुढे सरकला की, तो भावाला बिचकला, मालाला नाक मुरडून गेला की नुसताच हिंडायला आला होता, हे विक्रेत्याला त्याच्या चेहऱ्यावरून कळते आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी तो वेगळे बोलतो. संकेतस्थळावरून परतणाऱ्याला चेहरा नसतो. या एका उणिवेतून पुढचा सारा गोंधळ निर्माण झाला आहे.

उदाहरणादाखल, घाटाखालच्या कपाशीच्या पट्ट्यात ठिबक सिंचनाचे संच बसवून देणारा एक काल्पनिक व्यावसायिक घ्यावा. ठिबकचा संच काही साबणाच्या वडीसारखा पडद्यावर बोट ठेवून विकत घेता येत नाही. शेत किती, विहीर कोठे, मोटार किती अश्वशक्तीची, ओळींमधले अंतर किती हे पाहिल्याखेरीज खर्चाचा अंदाज देता येत नाही. म्हणून या धंद्यात संकेतस्थळाचे काम विक्रीचे नाही, विचारणा मिळविण्याचे आहे. समजा, त्याने जाहिरात दिली आणि एक माणूस आणण्यास त्याला चार रुपये पडले. पाचशे माणसे आणण्यास दोन हजार रुपये लागले. त्यांपैकी शेकडा दोनांनी, म्हणजे दहा जणांनी विचारणा केली. एका विचारणेची किंमत दोनशे रुपये झाली. दहांपैकी दोघांनी संच बसविला तर एका गिऱ्हाइकामागे हजार रुपये खर्च आला. आता जाहिरातीवर एक पैसाही अधिक न घालता विचारणेचे प्रमाण शेकडा चार झाले आणि विचारणारे तितकेच गरजू राहिले, तर हाच खर्च पाचशेवर येतो. भांडवल तेच, माणसे तीच, उत्पन्न दुप्पट. शेतीत असे उत्पादन वाढले असते तर त्याला क्रांती म्हटले गेले असते!

परंतु प्रत्यक्षात होते ते उलटे. विचारणा कमी म्हणून मालक जाहिरात वाढवितो, दोन हजारांचे चार हजार करतो. फुटक्या रांजणाला बूच न मारता कावडी वाढविण्याचा हा प्रकार आहे. पाणी वाहणाऱ्याची मजुरी मात्र चुकत नाही.

आलेला माणूस परत का जातो, या प्रश्नाचे उत्तर यंत्रशास्त्रात शोधण्याआधी अर्थशास्त्रात शोधावे. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये माहितीच्या अर्थशास्त्रावर जो निबंध लिहिला, त्यात एक साधी गोष्ट मांडली होती : ग्राहकाला भाव शोधण्यासाठीही किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत जितकी जड तितका तो कमी दुकाने हिंडतो. पूर्वी खामगावला गेलेला शेतकरी तिसऱ्या दुकानात सौदा करून मोकळा होई, कारण चौथ्या दुकानात जाण्यास पाय आणि वेळ लागत असे. आज चौथे दुकान बोटाच्या अंतरावर आहे. येणे स्वस्त झाले तसे परत जाणेही स्वस्त झाले. हजारांत वीसच का विचारतात, याचे निम्मे उत्तर येथेच मिळते, आणि त्यात खट्टू होण्यासारखे काही नाही. हजारांतील पुष्कळजण केवळ वाट चुकून, कुतूहलाने किंवा दुसऱ्याच कशाच्या शोधात आलेले असतात. त्यांनी परत जावे हेच योग्य.

उत्तराचा उरलेला भाग अधिक गंभीर आहे. ज्याला खरोखरच संच हवा आहे, खिशात पैसे आहेत, तोही परत जातो. तो का? १९७० मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये जॉर्ज ॲकरलॉफ यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरील निबंध प्रसिद्ध झाला. १९६७-६८ मध्ये ते दिल्ली येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत अभ्यागत प्राध्यापक म्हणून राहून गेले होते, आणि या निबंधात बाजारातून आणलेला तांदूळ निवडणारी भारतीय गृहिणी आली आहे. तांदळाच्याच रंगाचे आणि आकाराचे खडे कोणीतरी हेतुपुरस्सर मिसळलेले असतात आणि ते वेचीत बसण्याची पाळी तिच्यावर येते. ज्या बाजारात खडा आणि दाणा वरून सारखेच दिसतात, तेथे ग्राहक सगळ्याच मालाला संशयाचा भाव देतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही म्हणून प्रामाणिक विक्रेता हळूहळू बाजूला होतो आणि बाजारात खडेच अधिक राहतात. २००१ मध्ये ॲकरलॉफ, स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते माहितीच्या या विषमतेच्या अभ्यासाबद्दलच.

संकेतस्थळांचा बाजार हा असाच न निवडलेल्या तांदळाचा बाजार आहे. ठिबकच्या दहा विक्रेत्यांची दहा संकेतस्थळे उघडून पाहावीत. प्रत्येकावर परदेशी शेताचे तेच हिरवेगार छायाचित्र, तेच हस्तांदोलन करणारे दोन कोटधारी गृहस्थ, आणि 'उत्कृष्ट सेवा, वाजवी दर' ही तीच ओळ. दर मात्र कोठेच नाही. पत्ता शोधावा लागतो. मजकूर बहुधा इंग्रजीत, किंवा यंत्राकडून भाषांतर केलेल्या अशा मराठीत की, वाचणाऱ्याने आधी तिचे मराठी करावे. आणि हे सारे दाखवून झाल्यावर खाली दहा रकाने : नाव, आडनाव, ईमेल, फोन, जिल्हा, पिन कोड, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न! म्हणजे विक्रेता स्वतःविषयी काही सांगत नाही आणि ग्राहकाने मात्र सर्व काही सांगावे अशी अपेक्षा बाळगतो. आपला फोन नंबर देणे ही ग्राहकाच्या दृष्टीने फुकट गोष्ट नाही. नंबर दिला की पुढे महिनाभर कोण कोण छळील, याची त्याला धास्ती असते. ती धास्ती हीच त्या विचारणेची किंमत. ज्याच्यावर अद्याप विश्वास बसलेला नाही त्याला ही किंमत कोणी का द्यावी?

वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याला तरी हा धडा नवा असू नये. येथील कापसाच्या बाजारात एके काळी अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत. गाडी घेऊन आलेला शेतकरी शेजारी उभा असूनही त्याला आपल्या मालाचा भाव कळत नसे. वजनातली खोट आणि नाना तऱ्हेच्या कपाती त्यावर वेगळ्या. यावर पहिला बंदोबस्त झाला तो याच भूमीत. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. पुढे १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने देशभर असे बाजार असावेत अशी शिफारस केली. या व्यवस्थेचे मर्म काय होते? मोजणाऱ्याला आणि दलालाला परवाना, बाजाराला समिती, आणि भाव व कपाती यांना जाहीर नियम. रुमालाखालची बोटे उजेडात आली म्हणजे आलेली गाडी माल उतरविते, हे वऱ्हाडाने तेव्हा ओळखले होते. खामगावच्या चांदीचा लौकिकही दुकानांच्या रोषणाईने झालेला नाही. तेथे दूरदूरचे गिऱ्हाईक येते ते चांदीच्या शुद्धतेवरच्या भरवशाने.

मग ठिबकच्या त्या विक्रेत्याने करावे काय? प्रथम त्याने रुमाल काढावा. एकरी खर्च साधारण किती ते किती, कोणत्या कारणाने तो वाढतो, हमी कशाची आणि कशाची नाही, हे स्वच्छ मराठीत लिहावे. नेमका आकडा देता येत नाही ही सबब पुरेशी नाही. मर्यादा तर देता येतात. परदेशी शेताऐवजी स्वतः बसविलेल्या संचाचे, साध्या फोनने का होईना, काढलेले छायाचित्र लावावे आणि खाली गावाचे नाव द्यावे. त्या शेतकऱ्याची संमती असेल तर संच पाहायला जाता येईल असेही लिहावे. ज्याने प्रत्यक्षात काम केले आहे त्याला हे सोपे आहे आणि ज्याने केलेले नाही त्याला महाग, म्हणूनच या खुणेला बाजारात किंमत येते. अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर कसा करावा, कोणते कागद लागतात, ही माहिती नंबर न मागता द्यावी. जो माहिती देऊन मग विचारतो त्याला उत्तर मिळते. आणि विचारण्याचे रकाने दोनच असावेत : गाव आणि फोन. बाकीचे बोलताना कळते.

रकान्यांविषयी कारकून मंडळींना निराळे सांगण्याची गरज नाही. नमुना अर्जातील एक अनावश्यक ओळ किती माणसांना खिडकीवरून परत पाठविते, हे त्यांच्याइतके कोणी जाणत नाही. एक्स्पीडिया या प्रवासाची तिकिटे विकणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या संकेतस्थळावर 'कंपनी' असा एक रकाना होता. लोक तेथे आपल्या बँकेचे नाव घालू लागले, मग त्याच ओघात पत्ताही बँकेचाच, आणि कार्डावरचा पत्ता जुळेना म्हणून व्यवहार फसू लागले. तो एक रकाना काढल्याने वर्षाला एक कोटी वीस लाख डॉलरचा लाभ झाला, असे कंपनीच्या अधिकाऱ्याने २०१० मध्ये सांगितले. वेगाचेही तसेच. गूगलने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार मोबाइलवर पान उघडण्यास तीन सेकंदांहून अधिक लागले तर शेकडा ५३ भेटी तेथेच संपतात. खेड्यात, जुन्या फोनवर, भरदुपारी रोडावलेल्या जोडणीवर ते हस्तांदोलनाचे भलेमोठे चित्र उतरेपर्यंत शेतकरी फोन खिशात घालून कामाला लागलेला असतो.

येथे प्रयोगवादी मंडळी म्हणतील की, तर्क कशाला, करून पाहा. त्यांचे म्हणणे निराधार नाही. बराक ओबामा यांच्या २००८ च्या निवडणुकीच्या प्रचारात डॅन सिरोकर यांनी संकेतस्थळाच्या पहिल्या पानाच्या २४ मांडण्या करून आलेल्यांना त्या वाटून दाखविल्या. सहकाऱ्यांना एक चित्रफीत फार प्रिय होती. प्रत्यक्षात सगळ्या चित्रफिती साध्या छायाचित्रांपुढे हरल्या. कुटुंबाचे छायाचित्र आणि 'नोंदणी करा' ऐवजी 'अधिक जाणून घ्या' असे लिहिलेले बटण, या जोडीने नाव देणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ८.२६ वरून ११.६ वर नेले. जाणत्यांचा अंदाज चुकतो आणि मोजमाप बरोबर ठरते, हा त्या प्रयोगाचा खरा धडा. परंतु त्या प्रयोगात तीन लाख दहा हजारांवर माणसे होती, म्हणजे प्रत्येक मांडणीच्या वाट्याला सुमारे तेरा हजार. खेड्यातल्या विक्रेत्याकडे महिन्याला तीनशे येतात. त्याने दीडशेंना एक पान दाखविले, दीडशेंना दुसरे. पहिल्यावर तीन विचारणा आल्या, दुसऱ्यावर सहा. प्रमाण दुप्पट झाले म्हणून तो पेढे वाटील. पण नऊ वेळा नाणे उडविले तर एकच बाजू सहा किंवा अधिक वेळा पडण्याचा संभव निम्म्याहून किंचित अधिकच असतो. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जे कळते ते शेकडेवारीच्या झगमगाटात व्यापाऱ्याला दिसेनासे होते. लहान गावच्या विक्रेत्याने प्रयोगांचे अनुकरण करण्यापेक्षा परत गेलेल्या दहा ओळखीच्या माणसांना फोन करून का गेलात असे विचारावे. त्याला मोठ्या शहरातील कंपनीला न परवडणारी ही सोय फुकट उपलब्ध आहे.

प्रमाण वाढविण्याचा दुसराही एक मार्ग आहे आणि दुर्दैवाने तोच अधिक शिकविला जातो. 'फक्त दोन जागा शिल्लक' अशी खोटी घाई. दर पाहण्यासाठी आधी नंबर देण्याची सक्ती. नकाराच्या बटणावर 'नको, मला नुकसानच हवे' अशा थाटाची लाजविणारी ओळ. बंद केली तरी पुन्हा पुन्हा उगवणारी चौकट. या उपायांनी आकडा वाढतो हे खरे. त्याच ठिबकवाल्याने नंबरची सक्ती केली आणि पाचशेंतून दहांऐवजी चाळीस नंबर मिळविले असे मानावे. एका विचारणेचा खर्च दोनशेवरून पन्नासावर आला, अहवालात प्रगती दिसली. संच मात्र दोघांनीच बसविला. उरलेल्या अडतीस जणांना दहा-दहा मिनिटे फोन करण्यात सहा तास गेले आणि त्या अडतीसांपैकी कित्येकांच्या मनात त्या नावाविषयी कायमची अढी बसली, ती वेगळी. येथे खडा तांदळात ग्राहकाने नाही, विक्रेत्याने स्वतःच्याच पदरी घालून घेतला.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांचे, म्हणजे 'डार्क पॅटर्न'चे, १३ प्रकार नमूद करून त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई, लाजविणे, सक्तीची कृती, टोचणी हे सारे त्यांत आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्यक्तिगत डिजिटल विदा संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. मुख्य बंधनांना अठरा महिन्यांची मुदत आहे. त्या कायद्यानुसार संमती ही मोकळी, विशिष्ट, माहितीपूर्वक आणि निःसंदिग्ध असावी लागते, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणे सोपे असावे लागते. नंबर कशासाठी घेतला जात आहे हे सांगणारी सूचना आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. धंदेवाईक सल्लागार याला अडथळा म्हणतात. १८९७ च्या कायद्याला रुमालवाले काय म्हणाले असतील, याची कल्पना करता येते.

या प्रकरणी सर्वांत अधिक झळ पोचते ती विद्यार्थ्याला. बारावीच्या निकालाच्या सुमारास 'प्रवेशासाठी चौकशी' म्हणून एखाद्या ठिकाणी शुल्काचा आकडा पाहायला गेलेला मुलगा नंबर देऊन बसतो. शुल्क कळत नाही, आणि आठवडाभरात ज्यांचे नावही कधी ऐकले नाही अशा संस्थांचे फोन बापाच्या खिशात वाजू लागतात. बाप शेतात असतो. शुल्क किती, वसतिगृह आहे काय, शिष्यवृत्ती कोणाला, या तीन प्रश्नांची उत्तरे पहिल्याच पानावर असती तर निम्म्या मुलांनी फोन केलाच नसता आणि उरलेल्या निम्म्यांनी प्रवेशासाठीच केला असता. नको असलेले व्यापारी फोन अडविण्यासाठी १९०९ हा क्रमांक आहे, तो मुलांना शाळेतच सांगितला जावा. वाणिज्य शाखेच्या शिक्षकांना यातून एक चांगले प्रात्यक्षिकही मिळेल : विद्यार्थ्यांनी तालुक्यातील वीस संकेतस्थळे उघडावीत; भाव दिसतो का, पत्ता दिसतो का, रकाने किती, नंबर कशासाठी हवा याची सूचना मराठीत आहे का, एवढे चार स्तंभ आखून टिपावे, आणि तो तक्ता त्या वीस मालकांना नेऊन दाखवावा. पिंपळगाव राजातून खामगावला शिकायला येणाऱ्या मुलांना ते एका दुपारचे काम आहे.